बहुभाषी विद्वान अबू रैहान अल् बिरूनी

इस्लामी इतिहासात ज्या विद्वानांनी आपल्या ज्ञानसाधनेने साऱ्या जगाला ऋणी करून ठेवले, त्यांत अबू रैहान मुहम्मद इब्न अहमद अल् बिरूनी यांचे नाव फार वरच्या पंक्तीत घ्यावे लागते. खगोल, गणित, भूगोल, इतिहास, औषधीशास्त्र अशा नाना विषयांवर त्यांनी शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ लिहिले. पृथ्वीची त्रिज्या मोजणारे शास्त्रज्ञ म्हणून आपल्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव ठाऊक असते. प्रस्तुत लेखात मात्र त्यांच्या चरित्राची एकच बाजू पाहावयाची आहे. ती म्हणजे त्यांचे भाषाध्ययन. कोणती भाषा ते कोणत्या वयात, कोणापासून आणि कशा रीतीने शिकले, हे पाहण्यासारखे आहे.

हा विषय निवडण्यास कारण आहे. दरवर्षी प्रवेशाचे दिवस आले की पालक आम्हां शिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारतात. घरात कोकणी किंवा दखनी, मोहल्ल्यात उर्दू, बाजारात व कचेरीत मराठी, मदरशात अरबी अक्षरे आणि पुढील शिक्षणासाठी इंग्रजी. इतक्या भाषांचे ओझे लेकराच्या डोक्याला सोसेल काय? कोणी म्हणतो, घरची बोली बंद करा. कोणी म्हणतो, मराठी नंतर पाहू, आधी इंग्रजी होऊ द्या. या प्रश्नाला माझ्यापाशी तयार उत्तर नाही. परंतु हजार वर्षांपूर्वीच्या या माणसाच्या आयुष्यात त्यावर विचार करण्याजोगे पुष्कळ काही सापडते.

अल् बिरूनी यांचा जन्म इ. स. ९७३ मध्ये मध्य आशियातील ख्वारिज्म प्रांतात, काथ या राजधानीच्या वेशीबाहेरील वस्तीत झाला. बेरून म्हणजे बाहेर. त्यावरूनच ते बिरूनी झाले, असे सांगतात. हा प्रदेश आज उझबेकिस्तानात मोडतो. त्यांची मादरी जबान ख्वारिज्मी होती. ही भाषा फारसीच्या कुळातली खरी. पण चुलत घराण्यातली म्हणावी इतकी निराळी. फारसी येणाऱ्याला ती सहजासहजी कळत नसे. घरात व बाजारात ती बोलली जाई, परंतु विद्येचे ग्रंथ अरबीत आणि दरबारातला व्यवहार बहुधा फारसीत. म्हणजे या मुलाला शिकावयाचे होते ते सगळे परक्या भाषेत. आपल्याकडील पुष्कळ मुलांची स्थिती याहून फारशी निराळी नाही.

त्यांना गुरू उत्तम मिळाले. ख्वारिज्मच्या राजघराण्यातील गणिती अबू नस्र मन्सूर यांनी त्यांना गणित व खगोल शिकविले, आणि ते अरबीतून. पुढे वृद्धापकाळी बिरूनी यांनी स्वतःविषयी लिहून ठेवले आहे की, अरबी आणि फारसी या दोन्ही भाषांत आपण बाहेरून आलेले आहोत आणि दोन्ही आपल्याला प्रयासाने मिळवाव्या लागल्या. ज्यांच्या अरबी ग्रंथांना आज जग मान देते, त्यांनी हे मोकळेपणाने सांगावे, याचे मला नेहमी कौतुक वाटते. भाषा जन्माने मिळाली नाही म्हणून ती आपली होत नाही, असे थोडेच आहे?

त्यांच्या बालपणीची एक हकीकत शिक्षकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. ख्वारिज्ममध्ये एक रूमी, म्हणजे ग्रीक भाषा बोलणारा गृहस्थ येऊन राहिला होता. हा मुलगा रानातून बिया, फळे, पाने, धान्याचे दाणे गोळा करून त्याच्याकडे नेई, प्रत्येकाला त्याच्या भाषेत काय म्हणतात हे विचारी आणि लिहून ठेवी. कोणी त्याला तसा धडा दिलेला नव्हता. वस्तू हातात, तिचे परके नाव कानावर आणि लगेच लेखणी कागदावर. शब्दांचे अर्थ पाठ करवून घेण्यात आम्ही जे तास घालवितो, त्यांपेक्षा ही रीत किती तरी सरस म्हणावी लागेल.

इ. स. ९९५ च्या सुमारास ख्वारिज्ममध्ये राज्यक्रांती झाली आणि तरुण बिरूनींना देश सोडावा लागला. काही काळ रय, मग कास्पियन समुद्राजवळील जुर्जान, पुन्हा ख्वारिज्म, असे त्यांचे फिरणे झाले. इ. स. १००० च्या सुमारास त्यांनी निरनिराळ्या लोकांच्या कालगणनेवर एक मोठा अरबी ग्रंथ सिद्ध केला. त्यात इराणी, सुग्दी, ख्वारिज्मी, यहुदी, ख्रिस्ती इत्यादी लोकांचे महिने, सण आणि वर्षारंभ नोंदविले आहेत. प्रत्येक लोकांची माहिती त्यांच्याच शब्दांनिशी द्यावयाची, ही त्यांची पद्धत येथूनच दिसू लागते.

इ. स. १०१७ मध्ये सुलतान महमूद गझनवीने ख्वारिज्म जिंकले आणि तेथील विद्वानांबरोबर बिरूनी यांनाही गझनीला नेण्यात आले. त्या वेळी त्यांचे वय चव्वेचाळीसच्या आसपास होते. आपल्याकडे या वयात माणूस मुलांच्या लग्नाचा विचार करू लागतो. बिरूनी यांनी या वयात संस्कृत शिकावयास आरंभ केला!

संस्कृतच का, असे कोणी विचारील. भारतीय ज्योतिषाचे ग्रंथ बगदादमध्ये दोनशे वर्षांपूर्वीच अरबीत उतरले होते. बिरूनी यांनी ते वाचले होते. पण त्यांत नावे विपर्यस्त झालेली, आकडे चुकलेले आणि कित्येक ठिकाणी अर्थाचा अनर्थ झालेला त्यांना दिसत होता. दुसऱ्याच्या तोंडून तिसऱ्याचे ऐकून त्यावर मत बनविणे त्यांच्या स्वभावात नव्हते. हिंदू लोक काय मानतात हे जाणावयाचे असेल तर ते त्यांच्याच ग्रंथांतून, त्यांच्याच भाषेत जाणले पाहिजे, असे त्यांनी ठरविले. गझनीत त्या काळी हिंदुस्थानातून आलेली पुष्कळ माणसे होती. शिवाय ते स्वतः पंजाबात येऊन राहिले. झेलमजवळच्या नंदना किल्ल्यावरूनच त्यांनी पृथ्वीच्या त्रिज्येचे ते प्रसिद्ध गणित केले.

संस्कृत शिकताना आलेल्या अडचणी त्यांनी आपल्या हिंदविषयक ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात सविस्तर सांगितल्या आहेत. एका वस्तूला अनेक नावे आणि एकाच शब्दाला अनेक अर्थ, त्यामुळे मागचापुढचा संबंध कळल्याशिवाय अर्थ लागत नाही. सामान्यांची बोलण्याची भाषा एक आणि पंडितांची व्याकरणबद्ध भाषा दुसरी. शास्त्रीय ग्रंथसुद्धा पद्यात, त्यामुळे वृत्तासाठी घातलेले शब्द कोणते आणि अर्थाचे कोणते हे ओळखणे कठीण. शब्दाच्या आरंभीच दोनदोन, तीनतीन व्यंजने जोडून येतात, त्याने तर अरबी जीभ अडखळावयाचीच. नकला करणारे लेखक निष्काळजी, त्यामुळे दोनतीन नकला झाल्या की मूळ ग्रंथ ओळखू येईनासा होतो.

आणि सर्वांत मोठी अडचण उच्चारांची. काही ध्वनी असे की ते अरबीत नाहीत व फारसीतही नाहीत. कानाला त्यांतला भेद कळत नाही, जिभेला ते वळत नाहीत आणि अरबी लिपीत ते लिहिताही येत नाहीत. बिरूनी एखादा शब्द पंडिताच्या तोंडून नीट ऐकून, खुणा करून लिहून घेत. नंतर तोच शब्द वाचून दाखविला की पंडितालाच तो ओळखता येत नसे! आमच्या वर्गात याचा प्रत्यय रोज येतो. उर्दू बोलणाऱ्या मुलाच्या तोंडी पाणी या शब्दाचे पानी होते आणि बाळाचा बाल होतो. कारण ण आणि ळ त्याच्या घरच्या भाषेत नाहीत, उर्दू लिपीत त्यांना अक्षरही नाही. उलट मराठी घरातल्या मुलाला काफ आणि क़ाफ यांतला फरक ऐकूच येत नाही. यात मुलाची बुद्धी कमी आहे असे समजून त्याला हसणारे शिक्षक मी पाहिले आहेत. परक्या भाषेचा सूर लहानपणी सहज उचलला जातो आणि वय वाढले की तो कठीण जातो, हे आता अभ्यासकांनीही पुष्कळ पाहिले आहे. मात्र शब्दसंग्रह व वाक्यरचना यांत मोठी माणसे आरंभी मुलांपेक्षा वेगाने पुढे जातात, असेही दिसून आले आहे. बिरूनी यांचे उदाहरण अगदी असेच आहे. त्यांचे उच्चार कदाचित शेवटपर्यंत परके राहिले असतील. पण अर्थाच्या खोलीत ते उतरले.

ते कसे उतरले? त्यांनी पदरचा पैसा खर्च करून संस्कृत पोथ्या जमविल्या. त्या कोठे मिळतील असे कळले की तेथून त्या आणविल्या. त्या समजावून सांगू शकतील अशा पंडितांना दूरदूरच्या ठिकाणांहून बोलावून घेतले. आपल्या काळात या कामाचा छंद असलेले आपण एकटेच, असे ते म्हणतात. अशा पंडितांपुढे ते प्रारंभी शिष्य म्हणून बसले. अरबी विद्येतला एवढा मोठा गणिती. पण नव्या भाषेत नवखा आहे म्हणून खाली बसावयास त्यांना संकोच वाटला नाही. थोडी प्रगती झाल्यावर ते पंडितांना गणिताची कारणमीमांसा समजावून सांगू लागले. तेव्हा पंडित चकित झाले आणि तुमचा हिंदू गुरू कोण, असे विचारू लागले. त्यांनी बिरूनींना विद्येचा सागर म्हटले, हेही त्यांनीच नोंदविले आहे. (नम्रतेबरोबर थोडा अभिमानही त्यांच्या ठायी होता, हे कबूल केले पाहिजे.)

येथे भाषाशिक्षणाचे एक मर्म आहे. बिरूनी यांनी संस्कृत हा परीक्षेचा विषय म्हणून घेतला नव्हता. त्यांना गणित व ज्योतिष आधीपासून येत होते. ग्रहण कसे होते हे अरबीत समजले होते, म्हणून संस्कृत श्लोकातले ग्रहण ओळखता आले. एका भाषेत मिळविलेली समज दुसऱ्या भाषेत फुकट जात नाही, ती बरोबर येते. घरच्या भाषेत ज्या मुलाशी भरपूर बोलले गेले, ज्याला गोष्टी सांगितल्या गेल्या, त्याला शाळेची भाषा लवकर येते, हा आमचाही अनुभव आहे. एके काळी दोन भाषांनी मुलाची बुद्धी मंदावते असे मोठमोठे लोक सांगत. इ. स. १९६२ मध्ये कॅनडातील माँट्रियल शहरात फ्रेंच व इंग्रजी दोन्ही उत्तम जाणणाऱ्या दहा वर्षांच्या मुलांची एकच भाषा जाणणाऱ्या मुलांशी तुलना करण्यात आली, तेव्हा दोन भाषावाली मुले मागे नव्हती, उलट बुद्धिमापनाच्या कसोट्यांत पुढेच होती. ती आघाडी किती, याबद्दल पुढे वाद झाले. पण ओझ्याची ती जुनी समजूत टिकली नाही.

शिकलेली भाषा बिरूनी यांनी दोन्ही अंगांनी वापरली. सांख्यावरील एक ग्रंथ आणि पतंजलीची योगसूत्रे एका टीकेसह त्यांनी अरबीत आणली. दुसरीकडे युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा खगोलग्रंथ हिंदू विद्वानांसाठी संस्कृतात उतरविण्याचे काम त्यांनी हाती घेतले. ग्रहवेधासाठी लागणारे उस्तुरलाब हे यंत्र कसे बनवावे यावरही त्यांनी मजकूर सांगितला. पंडित तो घेऊन लगेच श्लोकांत बसवीत आणि सोपी गोष्ट अवघड करून ठेवीत, अशी त्यांची गमतीदार तक्रार आहे. पंचतंत्राचे अरबी भाषांतर कलीला व दिम्ना या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात भाषांतरकाराने पदरचे घातले असा संशय असल्याने ते नव्याने करावे, अशी त्यांची इच्छा होती. भाषांतर म्हणजे अमानत आहे, ही जाणीव त्यांच्या ठिकाणी किती तीव्र होती ते यावरून दिसते.

दुसऱ्यांची भाषा शिकली, दुसऱ्यांचे धर्मग्रंथ वाचले, तर आपला ईमान ढळेल, अशी शंका काही सज्जनांच्या मनात असते. मराठी पाठ्यपुस्तकातल्या संतांच्या अभंगांविषयी मी ती ऐकली आहे. त्यांनी एवढेच पाहावे की, ज्या वर्षांत बिरूनी संस्कृत पोथ्या वाचीत होते, त्याच वर्षांत, इ. स. १०२५ मध्ये, त्यांनी शहरांचे अक्षांश-रेखांश काढण्यावरील ग्रंथ पुरा केला आणि त्यात गझनीहून किबल्याची अचूक दिशा कशी ठरवावी याचे गणित मांडले. नमाजाचे तोंड कोठे करावयाचे हे त्यांना पतंजली वाचल्याने विसरावयास झाले नाही. त्याआधी खुद्द पैगंबरसाहेबांच्या (स.) आज्ञेवरून हजरत जैद बिन साबित (रजि.) यांनी सुरयानी भाषा अगदी थोड्या दिवसांत शिकून घेतली होती, हे हदीसच्या ग्रंथांत नमूद आहे. आणि सुलतान महमूदने महमूदपूरच्या टांकसाळीत इ. स. १०२७-२८ च्या सुमारास पाडलेल्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूस अरबी मजकूर व दुसऱ्या बाजूस कलम्याचे संस्कृत रूप आहे.

इ. स. १०३० मध्ये महमूदचे निधन झाले. त्याच वर्षी बिरूनी यांनी आपला हिंदविषयक ग्रंथ पुरा केला. ऐंशी प्रकरणांच्या या ग्रंथात धर्म, तत्त्वज्ञान, चालीरीती, लिप्या, वजनेमापे, ज्योतिष असे सर्व काही आहे. ज्यांचे मत त्यांना मान्य नाही त्यांचेही म्हणणे ते आधी पूर्णपणे मांडतात. कर्नाटकी, आंध्री, द्राविडी, नागरी अशा लिप्यांची नावे त्यात आली आहेत. प्रवासाचे मार्ग सांगताना ते मराठ्यांच्या देशाचा आणि समुद्रकाठच्या ठाण्याचाही उल्लेख करतात. ठाणे ही त्यांनी कोकणची राजधानी म्हटली आहे. ते स्वतः मात्र पंजाबच्या पलीकडे आले नव्हते. जर्मन पंडित साखाऊ याने हा ग्रंथ इ. स. १८८७ मध्ये अरबीत छापला व पुढील वर्षी त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले.

आता एका गोष्टीत या थोर पुरुषाशी माझे जमत नाही, तेही सांगितले पाहिजे. आपल्या मादरी जबानविषयी त्यांचे मत चांगले नव्हते. ख्वारिज्मी भाषेत शास्त्र सांगणे म्हणजे छपराच्या पन्हळीवर उंट चढविण्याइतके विचित्र दिसेल, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले आहे. फारसीलाही त्यांनी राजांच्या आणि रात्रीच्या गोष्टींपुरतीच योग्य ठरविले. शास्त्राला अरबीच हवी. पण गंमत अशी की, इ. स. १०२९ मध्ये त्यांनी ज्योतिषाचे एक प्रश्नोत्तररूप प्रारंभिक पुस्तक ख्वारिज्मच्याच रैहाना नावाच्या एका मुलीसाठी तयार केले, ते अरबीत आहे आणि फारसीतही आहे. त्यातील फारसी इतकी नेटकी की शास्त्राला ती भाषा कमी पडते असे कोणी म्हणू नये. म्हणजे त्यांचे मत एक आणि त्यांच्या हातून घडलेले काम दुसरे. भाषा शास्त्राला अपुरी असते ती तिच्यात कोणी शास्त्र लिहिले नाही म्हणून. मराठीतही इंग्रजी अमदानीच्या आरंभी आजच्या अर्थाची शास्त्रीय पुस्तके कोठे होती?

ख्वारिज्मी भाषा पुढे तीनचारशे वर्षांत तुर्की बोलींपुढे मागे पडत पडत नाहीशी झाली. ती आज कोणी बोलत नाही. तिच्याविषयी जे थोडे ठाऊक आहे, त्यात तिचे महिने, दिवस व सण यांची नावे येतात, आणि ती बिरूनी यांनीच तरुणपणी आपल्या कालगणनेच्या ग्रंथात उतरवून ठेवली आहेत. घरची बोली बंद करा असे सांगणाऱ्या पालकांशी बोलताना मला ती यादी आठवते. आई ज्या भाषेत मुलाला दटावते व कुरवाळते, त्या भाषेला शाळेच्या दारात ठेवून यावे लागत नाही. मात्र दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. उर्दू माध्यमात मुलाला घातले म्हणजे मराठीशी आपला संबंध उत्तीर्ण होण्यापुरताच, असे मानून मार्गदर्शिकेतली उत्तरे घोकविणारी घरे कमी नाहीत. अशा मुलाला पस्तीस गुण मिळतात आणि शेजारच्या मराठी घरात जाऊन चार वाक्ये बोलता येत नाहीत. बिरूनी यांना पंडित शोधण्यासाठी डोंगर ओलांडावे लागले. आपल्या मुलांचे शेजारी तर भिंतीपलीकडेच राहतात.

महमूदनंतर त्याचा मुलगा मसऊद याच्या नावे त्यांनी खगोलाचा महाग्रंथ लिहिला. त्याबद्दल हत्तीवर लादलेली चांदी बक्षीस आली असता त्यांनी ती परत केली, अशी कथा आहे. अखेरच्या काळात, वयाची ऐंशी वर्षे ओलांडल्यावर, डोळे व कान मंदावले असताना त्यांनी औषधींवरील आपला शेवटचा मोठा ग्रंथ हाती घेतला आणि एका वैद्य सहकाऱ्याच्या मदतीने तो चालविला. त्यात प्रत्येक वनस्पतीची अरबी, ग्रीक, सुरयानी, फारसी, हिंदी अशा भाषांतील नावे दिली आहेत. अरबी अक्षरांचे नुकते चुकले की औषधाचे नाव बदलते आणि नाव बदलले की रोग्याच्या जिवावर बेतते, असा इशारा त्याच्या प्रस्तावनेत आहे.

त्यांच्या मृत्यूविषयीची हकीकत याकूत या चरित्रकाराने दिली आहे. बिरूनी गझनीत अंथरुणाला खिळले होते, श्वास घरघरत होता. एक फकीह भेटीस आले. वारसाहक्कातील आजीच्या वाट्याविषयी आपण पूर्वी एकदा काय सांगितले होते, असे बिरूनी यांनी त्यांना विचारले. या अवस्थेत कसले प्रश्न काढता, म्हणून त्या गृहस्थांना वाईट वाटले. हा मसला न कळता जाण्यापेक्षा कळून गेलेला बरा, अशा आशयाचे बिरूनी बोलले. फकीहांनी तो समजावून सांगितला, बिरूनी यांनी तो पाठ म्हणून दाखविला. फकीह निरोप घेऊन रस्त्यावर आले, तोच घरातून रडण्याचा आवाज त्यांच्या कानी पडला. हे इ. स. १०४८ मध्ये अथवा त्यानंतर थोड्याच काळात घडले.

पतंजलीच्या योगसूत्रांचे त्यांचे अरबी भाषांतर नष्ट झाले असे पुष्कळ काळ समजले जात होते. इ. स. १९२२ मध्ये फ्रेंच विद्वान मासिन्यों यांना त्याचे हस्तलिखित इस्तंबूलमध्ये सापडले आणि इ. स. १९५६ मध्ये ते छापून प्रसिद्ध झाले. संस्कृतात केलेली त्यांची भाषांतरे मात्र अद्याप कोठे मिळालेली नाहीत.